अँटेना डोलकाठीच्या टोकावर कशाला?

शिडाच्या नौकेवर मोबाईलचा अँटेना बसवायचा म्हटलं की पहिली नजर डोलकाठीच्या टोकाकडे जाते. जितका उंच तितकी रेंज जास्त, हा हिशेब चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. किनाऱ्यावरचा टॉवर समुद्रसपाटीपासून 36 मीटर उंच धरला, तर नौकेच्या मागच्या कठड्यावर 3 मीटरवर बसवलेल्या अँटेनाची त्याच्याशी सरळ रेषा साधारण 32 किलोमीटरपर्यंत जुळते. 16 मीटरच्या डोलकाठीवर तोच अँटेना नेला की अंतर 41 किलोमीटरच्या आसपास जातं. मुंबईहून गोव्याकडे किनारा धरून, 10-15 किलोमीटरवरून जाणाऱ्या नौकेला या वाढीव नऊ किलोमीटरचा उपयोग फारसा नाही. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र मोठी आहे, आणि ती केबलमध्ये दडलेली असते. टोकापासून खाली केबिनमधल्या राउटरपर्यंत वीसेक मीटर केबल लागते. ती आरजी-58 सारखी पातळ असेल तर 1800 मेगाहर्ट्झला 95 टक्क्यांहून जास्त सिग्नल वाटेतच जिरतो. जाड केबल कमी खाते, पण तिचं वजन नेमकं डोलकाठीवर, जिथे ते सगळ्यात नकोसं असतं, तिथे चढतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अँटेना मागच्या कठड्यावर किंवा कमानीवर, राउटरपासून चार-पाच मीटरच्या आत बसवावा.

यावर कोणी म्हणेल, मग जास्त गेनचा अँटेना घेऊ. गेन म्हणजे फुकटची ताकद नव्हे. चारही दिशांना पसरणारा सिग्नल वरून-खालून दाबून चपटा केला की गेन वाढतो. वाऱ्यावर नौका 20 अंश कलली की 9-10 डीबीआय गेनच्या अँटेनाचा हा चपटा झोत एका बाजूला पाण्यात आणि दुसऱ्या बाजूला आभाळात जातो. चार ते सहा डीबीआयचा अँटेना कललेल्या नौकेवरही टॉवर धरून ठेवतो. तोही जोडीचा घ्यावा, कारण फोर-जीचा वेग दोन अँटेनांवर बेतलेला आहे. बूस्टरचा मोह तर टाळाच, परवान्याशिवाय तो आपल्याकडे बेकायदा आहे.

एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: मोडेम अँटेनाच्याच डब्यात असलेली यंत्रं आता मिळतात, खाली फक्त नेटवर्कची केबल येते, मग टोक का नको? सिग्नलच्या बाजूने हे बरोबर आहे. पण बिघाड झाला की दुरुस्तीसाठी दोरावर लटकून 16 मीटर चढावं लागतं, आणि खाऱ्या हवेत बिघाड होतोच. जोडाला सेल्फ-फ्यूजिंग टेप नीट गुंडाळली नाही तर आतलं तांबं हिरवं पडतं. कठड्यावरचा जोड उभ्या उभ्या तपासता येतो. शिवाय टोकाची जागा व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाची आहे, कारण संकटात तोच कामी येतो. मोबाईलवरून एकाच नंबरला हाक जाते, व्हीएचएफच्या चॅनल 16 या संकटकाळच्या चॅनलवरची हाक आसपासच्या सगळ्या बोटींना एकाच वेळी ऐकू जाते.