तारे मोजून डॉक्टर?

पेण-रोह्यात आता डॉक्टरही मोबाइलवर शोधला जातो. यादीत जो वर, तो चांगला! पण वरची जागा अनेकदा पैसे मोजून मिळते आणि तारे देणारा कोण, हे कुणालाच ठाऊक नसते. याच जिल्ह्यात, महाडला, विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर काही अशा यादीमुळे मोठे झाले नाहीत. (विंचू चावलेला माणूस तारे मोजत बसत नाही, हेही खरेच.) यादीतून पत्ता, वेळ, फोन जरूर घ्यावा. अॅलोपॅथी डॉक्टरची नोंदणी मात्र महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासावी. तिचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आयुर्वेद, होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. दवाखान्यात नोंदणी क्रमांक दिसला नाही, तर खुशाल विचारा.