नाव गेले, गाणे राहिले

लोकांना जे नकोसे होते ते आपोआप मरते, त्याचा शोक कशाला करावयाचा, असा एक युक्तिवाद कलेच्या प्रांतात वारंवार ऐकू येतो. तो करणारे स्वतःला व्यवहारी म्हणवितात. परंतु एखादी कला मेली असे म्हणण्यापूर्वी तिचे अन्न कोणी तोडले, याची चौकशी करणे हाही व्यवहारच नव्हे काय? अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताच्या बाबतीत ती चौकशी करावयाची असेल, तर डेल वॉटसन या गायकाचा हट्ट प्रथम समजून घेतला पाहिजे.

वॉटसन गातो त्या प्रकारास ‘हाँकी-टाँक’ म्हणतात. हे मुळात रस्त्याकडेच्या स्वस्त मद्यगृहांचे नाव. १९३३ साली अमेरिकेतील दारूबंदी उठली आणि टेक्सासच्या तेलविहिरींच्या मुलखात अशी मद्यगृहे जागोजाग निघाली. दिवसभर राबलेली माणसे रात्री तेथे नाचावयास येत. त्या गलबल्यातही गाणे ऐकू जावे म्हणून गिटारीला विजेची जोड मिळाली. फिडल आणि स्टील गिटार यांची साथ रूढ झाली. आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो, तिच्याच कुळातील हे वाद्य. १९४१ साली अर्नेस्ट टबच्या ध्वनिमुद्रिकेने या गाण्यास कीर्ती मिळवून दिली. हँक विल्यम्सने त्यास कळसास नेले. १ जानेवारी १९५३ रोजी तो वारला, तेव्हा त्याचे वय अवघे एकोणतीस होते.

मद्यगृहातले गाणे म्हटल्यावर सोवळी मने नाक मुरडतील. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, या प्रकारातील उत्तम गाणी मौजेची नसून पश्चात्तापाची आहेत. संसार मोडलेला मनुष्य स्वतःच्या दोषाचा पाढा इतरांसमोर वाचतो, आणि ऐकणारे त्याच्या लयीवर पावले टाकीत आपलेही दुःख हलके करतात. अशा गाण्यास हलके म्हणण्याचे धाडस आमच्याने तरी होत नाही.

मग त्याचे अन्न तुटले कसे? १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रॉक-अँड-रोलने तरुण श्रोता ओढून नेला. तेव्हा नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी फिडल व स्टील गिटार मागे सारून तेथे व्हायोलिनांचे ताफे आणि गुळगुळीत समूहस्वर बसविले. माल खपला, हे खरे. पुढे १९९६ च्या कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती नभोवाणी केंद्रे असावीत यावरील मर्यादाच उठविली. काही वर्षांतच एका कंपनीच्या हाती हजाराहून अधिक केंद्रे आली. निवड मूठभरांनी करावयाची आणि निकाल मात्र ‘लोकांच्या आवडी’च्या नावे जाहीर करावयाचा! जे कानावर पडूच दिले नाही, ते लोकांनी नाकारले असे म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

वॉटसनचा जन्म १९६२ सालचा, अलाबामातील बर्मिंगहॅमचा. बालपणाचा मोठा काळ टेक्सासमधील पासाडेना या गावी गेला. १९९५ साली एका लहान कंपनीने त्याचा पहिला गीतसंग्रह काढला. त्यातील ‘नॅशव्हिल रॅश’ या गीतात त्याने या बाजारी कंट्रीचीच खरड काढली. त्याने नॅशव्हिलच्या दारात तिष्ठत बसण्याचे नाकारले. ऑस्टिनच्या लहानमोठ्या नृत्यगृहांतून तो गात राहिला. २०१३ साली तर तेथील एक इवलेसे मद्यगृह त्याने विकतच घेतले, म्हणजे गाण्याची बैठकच हाती ठेविली.

काही रसिक म्हणतात, ही तर जुन्याची नक्कल. हा आक्षेप टिकत नाही. २००० साली वॉटसनची वाग्दत्त वधू मोटार-अपघातात दगावली. त्या शोकातून २००१ साली त्याचा एक संपूर्ण गीतसंग्रह जन्मास आला. दुःख त्याचे स्वतःचे होते. घाट तेवढा पूर्वजांचा. जो घाट आजचे अश्रू धारण करू शकतो, त्याला मृत कोण म्हणेल?

आजोबांची गाणी आता कोणासच ऐकावयाची नाहीत, अशा आशयाचे ब्लेक शेल्टन या लोकप्रिय गायकाचे उद्गार २०१३ च्या आरंभी गाजले. सत्त्याऐंशी वर्षांच्या रे प्राइसने त्याला जाहीरपणे खडसावले, आणि शेल्टनने दिलगिरीही व्यक्त केली. वॉटसनचे उत्तर निराळे होते. ‘कंट्री’ हे नाव तुम्हांसच लखलाभ असो, असे म्हणून त्याने ‘अमेरिपॉलिटन’ ही नवी संज्ञा प्रचारात आणिली: मुळाशी घट्ट धरून रचलेले नवे संगीत. २०१४ पासून त्या नावाने पारितोषिकेही सुरू झाली.

पूर्वजांचे नाव असे सोडणे म्हणजे शरणागती, असे त्याचे हितचिंतकच म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. नाव धरून गाणे सोडणाऱ्यांपेक्षा गाणे धरून नाव सोडणारा पूर्वजांना अधिक जवळचा असतो. घराची पाटी परक्याने बळकाविली असता पाटीसाठी भांडत बसावे, की मुलांमाणसांसह बाहेर पडून नवी चूल मांडावी? वॉटसनने चूल मांडली आहे. तिच्यात लाकूड घालण्याचे काम मात्र श्रोत्यांचे. परंपरेच्या नावाने हळहळणारे पुष्कळ असतात. पदरचे पैसे मोडून रात्री तिच्या बैठकीस जाणारे थोडे. या दुसऱ्यांच्या बळावरच ती उद्या गाईल.