गप्प राहणे म्हणजे शांती नव्हे

वाद झाला की एक मुलगा दार आपटून निघून जातो. दुसरा ‘माझंच चुकलं’ म्हणून विषय संपवतो. घर पहिल्याला उद्धट ठरवते, दुसऱ्याला गुणी. परंतु पुष्कळदा दोघांच्याही मुळाशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे भीती. चिंतातुर स्वभावाच्या किशोराला मतभेद हा नुसता मतभेद वाटत नाही. मैत्री तुटेल, चारचौघांत हसे होईल, आपल्याला वगळले जाईल, असे संकट त्याला त्यात दिसते.

संकटासमोर शरीर कसे वागते, याचे वर्णन अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली केले. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो आणि प्राणी लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो. किशोरवयात मेंदूतील भय ओळखणारे केंद्र अत्यंत तत्पर असते. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. त्यातच चिंताग्रस्त मन संदिग्ध गोष्टीचा वाईटच अर्थ लावते. मैत्रिणीने संदेश वाचून उत्तर दिले नाही, एवढ्यावरून ती रागावली आहे असा निष्कर्ष निघतो आणि न झालेल्या भांडणाची तयारी रात्रभर चालते.

वाद टाळला की त्या क्षणी हायसे वाटते. हीच सुटका पुढे सवय बनते; कारण बोललो असतो तर समोरच्याने ऐकून घेतले असते, हा अनुभव मुलाला कधी येतच नाही. व्यापारी घराला हे वेगळे समजवायला नको. वेळेवर न मागितलेली उधारी महिन्यागणिक मागायला अधिक अवघड होते. मनातल्या तक्रारीचेही तसेच असते.

येथे घरच्या माणसांची माया अनेकदा आड येते. मुलीचे वर्गात बिनसले की आई परस्पर मैत्रिणीच्या आईला फोन करते. चुलतभावाशी पटत नाही म्हणून मुलाची दुकानात बसण्याची वेळ बदलली जाते. हेतू चांगला असतो. पण ‘हे तुला पेलणार नाही’ असा संदेश मुलापर्यंत पोहोचतो. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी याच जागी उपाय शोधला. त्यांच्या पद्धतीत प्रशिक्षण मुलांना नव्हे, तर पालकांना दिले जाते. ७ ते १४ वर्षांच्या १२४ चिंताग्रस्त मुलांविषयीचा त्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मुलांवर थेट केलेल्या प्रस्थापित मानसोपचाराइतकाच हा मार्ग परिणामकारक ठरला.

या मार्गाचे सार दोन वाक्यांत सांगता येते : ‘तुला हे अवघड जातंय, हे कळतंय. आणि ते तुला जमेल, याची खात्री आहे.’ दोन्ही वाक्ये हवीत. केवळ पहिले म्हटले तर मूल दुबळे होते, केवळ दुसरे म्हटले तर एकाकी पडते. त्यानंतर पाऊल लहान असावे. राग निवळू द्यावा. बोलायचे पहिले वाक्य कागदावर लिहून घ्यावे. वडीलधाऱ्यांनी हवे तर शेजारी बसावे, पण मुलाच्या वतीने बोलू नये.

क्षमापनेची परंपरा असलेल्या घरांनी तर एक भेद विशेष जपावा. क्षमा मागणाऱ्याने आपले काय चुकले हे पाहिलेले असते. न केलेल्या चुकीची माफी केवळ विषय मिटावा म्हणून मागणारे मूल क्षमा शिकत नाही. ते स्वतःला पुसून टाकायला शिकते. शिवाय मुले उपदेशापेक्षा घर पाहतात. भागीदारीवरून अबोला धरलेले दोन काका एकाच पंगतीत बसून एकमेकांशी बोलत नसतील, तर मुलांनी संवाद कोठून शिकावा?

मूल आठवडेच्या आठवडे शाळा टाळत असेल, झोप आणि जेवण हरवले असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असून ती निःशुल्क आहे. आणि ज्या संध्याकाळी नेहमी गप्प राहणारे मूल ‘मला हे पटलं नाही’ असे चाचरत म्हणेल, त्या संध्याकाळी त्याला उलट उत्तर देणारा ठरवू नये. हातातले काम बाजूला ठेवून त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे.