कोलेस्टेरॉल कमी, म्हणजे सारे ठीक?

बंगळूरच्या व्हाइटफील्ड भागात १९९० च्या दशकात इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि नोकरीनिमित्त देशभरातून माणसे तिथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशा नोकऱ्यांत वर्षाकाठी आरोग्य तपासणी होते. अहवाल हाती येताच नजर जाते ती कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर. तो कमी असला की घर निश्चिंत!

बहुतेकांच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगात हाच आकडा फसवा ठरू शकतो.

शरीरातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग यकृतात तयार होतो. हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तातल्या चरबीच्या कणांना बिलगून फिरतो आणि कोलेस्टेरॉलला आत घेणाऱ्या दारांतूनच यकृताच्या पेशींत शिरतो. त्यामुळे अनेक रोग्यांचे कोलेस्टेरॉल, विशेषतः एलडीएल, कमी दिसते. रोग मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने यकृत पोखरत राहतो.

अर्थात कमी कोलेस्टेरॉल म्हणजे हिपॅटायटिस सी, असे मुळीच नाही. पण पूर्वी, रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी होत नसताना, ज्यांना रक्त चढवले गेले, ज्यांचे डायलिसिस चालू आहे किंवा ज्यांना निर्जंतुक न केलेल्या सुईने इंजेक्शन दिले अथवा गोंदवले गेले, त्यांनी रक्ताची वेगळी चाचणी करून घ्यावी.

पूर्वी या रोगावर इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या २४ ते ४८ आठवडे घ्याव्या लागत. ताप, थकवा, उदासी यांनी रोगी बेजार होत. त्या काळी असे आढळले, की उपचारापूर्वी एलडीएल जास्त असलेल्यांना ही औषधे अधिक लागू पडत. म्हणून तूप-लोणी वाढवून उपयोग नव्हता. तो आकडा केवळ एक खूण होता.

आता चित्र पालटले आहे. सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्या २०१५ पासून भारतात स्वस्तात मिळू लागल्या. साधारण १२ आठवड्यांत शंभरातले ९५ रोगी बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी व औषधे मोफत आहेत.

बरे झाल्यावर मात्र एलडीएल वाढू शकते. घाबरू नये, विषाणू गेल्याने चरबीचा खरा आकडा समोर येतो. काही महिन्यांनी तो पुन्हा तपासावा, आहार आणि व्यायाम सांभाळावा. कोलेस्टेरॉलची किंवा हृदयाची औषधे चालू असतील, तर उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. काहींचे प्रमाण बदलावे लागते, काही बंद करावी लागतात.

आणि घरच्यांनी एक लक्षात ठेवावे. हा रोग एका ताटात जेवल्याने किंवा जवळ बसल्याने पसरत नाही. रोग्याचे ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश तेवढा वेगळा ठेवावा, माणूस नव्हे.