एक ‘न्यूक्लियस’, अर्थ अनेक

पालघर-बोईसरच्या माणसाला ‘न्यूक्लियर’ म्हणजे काय असे विचारले, तर तो समुद्राच्या बाजूला बोट दाखवील. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र 1969 साली वीज देऊ लागले. भारतातले ते पहिले. पुढे 2005 आणि 2006 मध्ये तिथे प्रत्येकी 540 मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. त्यामुळे या पट्ट्यात हा शब्द कुणाला नोकरी वाटतो, कुणाला सुटलेले गाव आणि बऱ्याच जणांना नुसती धास्ती. पण हाच शब्द मुलांच्या पुस्तकात येतो, इस्पितळाच्या पाटीवर येतो आणि आपल्या घरालाही लागतो. प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. तो माहीत नसला की नुकसान होते, म्हणून आज त्याच्याविषयी.

‘न्यूक्लियस’ मुळात लॅटिन. ‘नक्स’ म्हणजे टणक कवचाचे फळ, आणि ‘न्यूक्लियस’ म्हणजे त्याच्या आतला दाणा. रॉबर्ट ब्राऊन या शास्त्रज्ञाने 1831 मध्ये वनस्पतीच्या पेशीतल्या गोल ठिपक्याला हे नाव दिले. 1911 मध्ये रदरफर्ड यांनी अणूच्या आत एक अतिशय लहान आणि जड भाग असल्याचे दाखवले, आणि त्यालाही पुढे हेच नाव पडले. लहान म्हणजे किती? खजुराच्या बीएवढे केंद्रक धरले, तर अणू अर्ध्यापासून दोन किलोमीटरपर्यंत रुंद होईल. मधली सगळी जागा जवळजवळ रिकामी. धूमकेतूच्या बर्फाळ गाभ्यालाही खगोलशास्त्रात न्यूक्लियसच म्हणतात.

खजुराच्या बीचा दाखला मुद्दाम दिला. मराठीत आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका, तसे अरबीत खजुराच्या बीला ‘नवात’ हे खास नाव आहे. आजच्या अरबीत पेशीचे आणि अणूचे केंद्रक म्हणजे ‘नवात’च, आणि अणुऊर्जेला लागणारे विशेषण ‘नववी’ त्यावरूनच झाले. सूरह अल-अनआमच्या 95 व्या आयतीत हाच शब्द ‘नवा’ या रूपात आहे. दाणा आणि बी दुभंगून अंकुर काढणारा अल्लाह, असा तिथला आशय. तारापूरला युरेनियमचे केंद्रक दुभंगते आणि त्या उष्णतेवर पाण्याची वाफ होऊन जनित्र फिरते, हे ऐकले की ‘दुभंगणे’ हा शब्द जुळलेला पाहून गंमत वाटते. पण आयतीत अणुभट्टी सांगितली आहे, असे ओढूनताणून म्हणू नये. ती शेतातल्या अंकुराविषयी बोलते आणि तेवढे पुरेसे आहे.

मुलांची अडचण याहून रोजची. मराठी पुस्तकात ‘अणू’ म्हणजे ॲटम आणि ‘रेणू’ म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत मात्र ॲटमला ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल! अणूचे केंद्रक हिंदीत ‘नाभिक’, तर पेशीचे ‘केंद्रक’. उर्दूत अणुऊर्जा ‘जौहरी तवानाई’ होते, आणि ‘जौहरी’ म्हणजे दागिन्यांचा व्यापारीही. आपल्या कितीतरी घरांत एक मूल उर्दू शाळेत, दुसरे मराठी आणि तिसरे इंग्रजी शाळेत असते. शिकवायला बसलेल्या आपाने आधी कुणाच्या पुस्तकात कोणता शब्द आहे ते पाहावे. नाहीतर बरोबर उत्तर चुकीच्या नावाखाली पाठ होते.

आता इस्पितळ. बोईसरहून गाडीने मुंबई गाठणाऱ्या रुग्णांना पाटी दिसते, ‘न्यूक्लियर मेडिसिन’. घरातले वडीलधारे तिथेच थबकतात. या विभागात किरणोत्सर्गी औषधाची अगदी थोडी मात्रा देऊन हाडे, हृदय किंवा थायरॉइड तपासतात. हाडांच्या स्कॅनसाठी बहुधा टेक्नेशियम वापरतात. त्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. थायरॉइडच्या उपचारात दिले जाणारे आयोडीन मात्र जास्त दिवस टिकते. त्या रुग्णाने काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवायचे असते, आणि गरोदर स्त्रीला ते देत नाहीत. अंगावर पाजणारी आई असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर लाज न धरता आधीच डॉक्टरांना सांगावे. सासूबाई सोबत आहेत म्हणून सून गप्प बसली, असे होऊ नये. आणि हो, ही औषधे तारापूरला बनत नाहीत. तिथे वीज बनते.

एमआरआयची गोष्ट उलटी. त्या तंत्राच्या मूळ नावात ‘न्यूक्लियर’ होते. लोक बिचकतात म्हणून वैद्यकात ते गाळले गेले. वास्तविक त्यात किरणोत्सर्ग अजिबात नाही. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याच्या केंद्रकांना लोहचुंबक आणि रेडिओलहरींनी हलवून चित्र काढले जाते. धोका चुंबकाचा आहे. त्यामुळे आत जाण्यापूर्वी दंडातला धातूच्या डबीतला तावीज, ओढणीच्या टाचण्या, बांगड्या सगळे काढावे, आणि पेसमेकर असेल तर आधीच सांगावे. तावीज काढायला खालाजान का-कू करतील, पण ‘चुंबक ओढून घेईल’ एवढे सांगितले तर त्यांना पटते. ‘न्यूक्लियर’ म्हणून घाबरून तपासणीच टाळणे, यात आजाराचेच फावते.

राहिले घर. आईवडील आणि मुले एवढ्याच कुटुंबाला इंग्रजीत ‘न्यूक्लियर फॅमिली’ म्हणतात, म्हणजे जिच्याभोवती गोतावळा वाढतो तो दाणा. मराठीने त्याला ‘विभक्त कुटुंब’ केले, म्हणजे तुटून निघालेले. एकाच गोष्टीला एका भाषेत बी म्हटले आणि दुसरीत फारकत. मला मराठी शब्द इथे अन्यायाचा वाटतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागून बोईसरला एका खोलीत राहणारे जोडपे भांडून निघालेले नसते. दर महिन्याला गावी पैसे जातात आणि ईदला सगळे एका दस्तरखानावर बसतात. तरी वेगळे रेशनकार्ड हवे असेल, तर अर्ज ‘शिधापत्रिका विभक्त करण्यासाठी’ असाच करावा लागतो. तो अर्ज वाचून आई हळवी झाली, तर हा सरकारी शब्द आहे, एवढे तिला सांगावे.