सार्वजनिक म्हणजे कोणाची?

भाड्याने मिळणाऱ्या विजेच्या सायकलींमुळे शहरातल्या लोकांच्या प्रवासाच्या सवयी बदलल्या, असे एका चर्चासत्रात ऐकले. कोणाच्या सवयी, असे मी विचारले तर सभागृहात हशा पिकला.

सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात या सायकली आल्या. मी ती चालवली आहे आणि मला आवडली, हे आधीच कबूल करते. परवाना लागत नाही, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. पन्नाशीतल्या बाईलाही पंख फुटल्यासारखे वाटते. पण आमच्या गटातली एक जण त्याच संकुलात कचेऱ्यांच्या लाद्या पुसते. सकाळी ती पोराला बालवाडीत सोडते, वाटेत रेशन दुकानाची रांग बघते, मग कामावर. परतताना भाजी आणि सासूचे औषध. सायकलीवर बसायला जागा एकट्याची. "पोराला काय डोक्यावर घेऊ?" ती म्हणाली. शिवाय सायकलचे कुलूप उघडायला स्मार्टफोन हवा, आणि तिच्या घरातला एकमेव स्मार्टफोन नवऱ्याच्या खिशात असतो.

म्हणजे ही सायकल बनवताना डोळ्यांसमोर कोण होते? स्टेशनवरून थेट कचेरीत जाणारा, हात मोकळे असलेला माणूस. घर सांभाळणारी बाई हिशेबात नव्हतीच.

या सायकली मोटारी कमी करतील, असे आपल्याला सांगितले जाते. पण देशोदेशींच्या भाड्याच्या सायकलींच्या पाहण्यांत दिसते ते असे, की त्यांवर बसणारे बहुतेक जण आधी पायी किंवा बसने जाणारेच असतात. मोटारवाला मोटारीतच राहतो. बसचे उतारू मात्र घटतात, आणि उतारू घटले की फेऱ्या कमी करायला निमित्त मिळते.

जागतिक बँकेच्या 2022 च्या अहवालात भारतीय शहरांतल्या कामावर जाणाऱ्यांचा आकडा आहे: बायकांत पायी जाणाऱ्या 45.4 टक्के, पुरुषांत 27.4. पायी जाणारीला बस स्वस्त हवी. जुलै 2019 मध्ये बेस्टचे किमान भाडे 5 रुपये झाले आणि उतारू वाढले. मे 2025 मध्ये तेच भाडे दुप्पट करण्यात आले. त्यावर मात्र चर्चासत्र भरल्याचे माझ्या कानावर आले नाही!

सायकल नको असे मी म्हणत नाही. पण तिला 'सार्वजनिक' म्हणून रस्त्याची जागा देण्याआधी बाईच्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या मोजा, बालवाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंत. प्रश्नावली आम्ही बनवून देऊ.