माल कमी, तक्रार कमी

नवा टॅब्लेट घरी आला की बहुतेक जण तो आधी वायफायला जोडतात. मुरलेला गिऱ्हाईक आधी खोलीतले दिवे घालवतो, पडदे ओढतो, ब्राइटनेस शेवटपर्यंत नेतो आणि पूर्ण काळं चित्र लावून चारही कडा न्याहाळतो. एखाद्या कोपऱ्यातून फिकट पिवळा उजेड पाझरताना दिसला की त्याचा चेहरा पडतो. घरच्यांना हा चक्रमपणा वाटतो. मला वाटत नाही. पस्तीस-चाळीस हजार मोजून आणलेली वस्तू ही मुख्यतः एक काच असते. बाकीचा सगळा मामला त्या काचेमागे.

या अंधारातल्या तपासणीची मला ओळख झाली ती आयपॅड २ च्या वेळी. ११ मार्च २०११ रोजी संध्याकाळी पाच वाजता तो अमेरिकेतल्या दुकानांत विक्रीला आला. दुकानांबाहेर रांगा लागल्या, माल हातोहात संपला आणि काही दिवसांतच ऑनलाइन मागणी नोंदवणाऱ्यांना चार-पाच आठवडे थांबा, असं सांगण्यात येऊ लागलं. त्याच दिवशी जपानात भूकंप आणि त्सुनामी झाली होती. मरणाच्या त्या थैमानापुढे टॅब्लेटची काय कथा! पण त्या आठवड्यांत जगाला एक गोष्ट कळली. लिथियम बॅटरीत लागणारं एक चिकटद्रव्य जगाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास एकटी कुरेहा नावाची कंपनी पुरवत होती, आणि तिचा फुकुशिमा प्रांतातल्या इवाकी इथला कारखाना बंद पडला होता. चिपखालच्या पाट्यांसाठी लागणाऱ्या एका खास रेझिनचा जवळपास निम्मा पुरवठा मित्सुबिशी गॅस केमिकलकडून होई. तिचाही कारखाना फुकुशिमातच, आणि तोही बंद पडलेला. कॅलिफोर्नियात आखलेलं आणि चीनमध्ये जोडलेलं यंत्र कुठल्या गावाच्या जिवावर उभं आहे, हे गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक असतं?

एप्रिलमध्ये ॲपलचे टिम कुक यांनी गुंतवणूकदारांसमोर मान्य केलं की साठलेल्या मागणीचा डोंगर अक्राळविक्राळ आहे. मार्चमध्ये संपलेल्या तिमाहीत ४६.९ लाख आयपॅड विकले गेले होते आणि तयार करता आले असते तर आणखी खपले असते. २९ एप्रिलला आयपॅड २ भारतात आला, किंमत २९,५०० रुपयांपासून पुढे. २० मे रोजी चीनमधल्या चेंगदू इथल्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात स्फोट झाला. आयपॅडच्या ॲल्युमिनियमच्या पाठी जिथे घासून चकचकीत केल्या जात, तिथली धातूची बारीक धूळ पेटली. कामगार मेले. ‘माल कधी येणार?’ असं आपण काउंटरवर बोटं वाजवत विचारतो तेव्हा पलीकडच्या टोकाला काय चाललेलं असतं, त्याचा हा एक नमुना.

आणि याच काळात, मिनतवाऱ्या करून आयपॅड मिळवलेल्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. कडांतून उजेड गळतोय. पांढऱ्या पानावर पिवळा डाग दिसतोय. बदलून मिळत होता, नाही असं नाही. पण दुकानात शिल्लक असला तर. म्हणजे पुन्हा रांग, आणि दुसरा नग पहिल्यापेक्षा वाईट निघाला तर? पुष्कळांनी आहे तोच ठेवून घेतला.

उजेड गळतो म्हणजे काय होतं, तेही बघू. एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. त्याच्या एका कडेला बारीक एलईडींची रांग असते. तिचा उजेड पारदर्शक प्लॅस्टिकच्या एका पातळ पत्र्यातून पडदाभर पसरवला जातो, त्यावर तो सारखा करणारे आणखी एक-दोन पापुद्रे, आणि त्यांच्यावर द्रवस्फटिकांचा थर. काळा रंग दाखवायचा म्हणजे या स्फटिकांनी मागचा उजेड अडवायचा. दिवा चालूच असतो, फक्त दार लावून घेतलेलं असतं. आता हे सगळे थर काही मिलीमीटरच्या चौकटीत दाबून बसवायचे. चौकट एका कोपऱ्यात किंचित जास्त आवळली गेली किंवा पापुद्रा केसभर सरकला, की दाराच्या फटीतून उजेड बाहेर. यंत्र जितकं सडपातळ तितकी चुकीला जागा कमी, आणि आयपॅड २ पहिल्या आयपॅडपेक्षा एक तृतीयांशाने सडपातळ होता. जाहिरातीत त्याचंच कौतुक होतं.

तुटवडा वेगळा आणि दोष वेगळा, असं आपण धरून चालतो. एकाचं खापर भूकंपावर फोडतो, दुसऱ्याचं कारागिरावर. कारखान्यात मात्र दोघांचा हिशेब एकाच वहीत मांडतात आणि त्याला यील्ड म्हणतात: शंभर पॅनेल काढली, त्यातली विकण्याजोगी किती? पडद्याच्या काचा सुट्या बनत नाहीत. मोठ्या कारखान्यात २२०० बाय २५०० मिलीमीटरची काच, म्हणजे दोन पलंग शेजारी मांडल्यावर होतील एवढी, एकाच वेळी प्रक्रियेतून जाते आणि मग तिचे तुकडे होतात. धुळीचा एक कण बसला की एक तुकडा बाद. थर जमवण्यात फरक पडला तर अख्खी काच. तपासनिसाने कडक व्हायचं ठरवलं तर ढीगभर पॅनेल बाजूला पडतात आणि दुकानात ‘स्टॉक नाही’ची पाटी लागते. त्याने डोळे जरा मिटले, तर पाटी निघते आणि तोच डाग आपल्या घरी येतो. मालाची तंगी असताना वरून दबाव कुठल्या बाजूला असतो, हे सांगायला कोणी कारखान्यात नोकरी केलेली असायला नको. फेब्रुवारीत वाशीला हापूसच्या मोजक्या पेट्या उतरतात तेव्हा पेटी उघडून वास घेऊ देणारा व्यापारी मला अजून भेटायचा आहे.

किती दोष चालतील, याचं लेखी मापही आहे. २००१ साली आलेल्या आयएसओ १३४०६-२ या मानकात पडद्यांचे वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गात एकही बिघडलेला ठिपका नको. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे कायम उजळलेले दोन, कायम काळे दोन आणि अर्धवट बिघडलेले पाच चालतील. उत्पादक सहसा या दुसऱ्या वर्गाकडे बोट दाखवत आले. पुढे ते मानक बदललं, पण वर्गवारीची कल्पना टिकली. २०१२च्या आयपॅडवर २०४८ गुणिले १५३६, म्हणजे एकतीस लाखांहून जास्त ठिपके होते. त्याला हे जुनं माप लावलं तर सहा उजळ आणि सहा काळे ठिपके असलेला पडदाही ‘पास’ ठरला असता. असा टॅब घरी नेऊन बघा, झोप लागते का. गळणाऱ्या उजेडाचा तर या ठिपक्यांच्या मोजणीत हिशेबच नाही. तिथे कंपनी सांगेल ती पूर्व दिशा.

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये माझ्या भाच्याने टॅब घेतला. कंपनी कुठली, दुकान कुठलं, ते जाऊ द्या. दुसरीकडे काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. रात्री सिनेमा लावला तर खालच्या डाव्या कोपऱ्यात टॉर्च मारल्यासारखा पट्टा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बिल आणि खोकं घेऊन हजर. काउंटरवरच्या मुलाने टॅब ट्यूबलाइटखाली धरला आणि म्हणाला, “काही दिसत नाही, काका.” मी जॅकेट काढून त्याचा तंबू केला आणि त्याला आत डोकावायला लावलं. आत बघून तो म्हणाला, “हे सगळ्याच पीसना असतं. अंधारात बघता कशाला?” मग जरा मऊ होऊन, “रिप्लेसमेंट टाकतो, पण पीस कधी येईल सांगता येत नाही. तोवर हा जमा करावा लागेल. आणि रिफंड घेतलात तर सेलचा रेट परत नाही मिळणार.” भाच्याच्या सगळ्या नोट्स त्यात भरून झालेल्या, परीक्षा तोंडावर. “मामा, राहू दे,” म्हणाला. अडला हरी! तो मुलगा उद्धट मुळीच नव्हता. त्याने आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या होत्या.

२०२१मध्ये हेच नाटक पुन्हा लागलं. कोविडच्या काळात शाळा घरात आल्या होत्या आणि घरात एकच फोन, मुलं दोन, अशी आपल्याकडे गावोगाव अवस्था. टॅबची मागणी जगभर वाढली आणि अडलं कुठे, तर पडद्याला कुठला ठिपका कधी उजळायचा हे सांगणाऱ्या, एखाद्या डॉलरच्या चिपपाशी. ही चिप जुन्या तंत्राच्या कारखान्यांत बनते. तिच्यात नफा थोडा, त्यामुळे तिच्यासाठी नवा कारखाना काढायला सहसा कोणी पुढे येत नव्हतं. ऑक्टोबर २०२१मध्ये ॲपलने सांगितलं की पुरवठ्याच्या अडचणींमुळे एका तिमाहीत सुमारे सहा अब्ज डॉलरची विक्री हुकली. नेमक्या त्याच हंगामात नवा आयपॅड मिनी आला, भारतात ४६,९०० रुपयांपासून. तो उभा धरून मजकूर वर सरकवला की पडद्याचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा किंचित मागे राहतो आणि ओळी जेलीसारख्या लचकतात, असं घेणाऱ्यांच्या लक्षात आलं. एलसीडी पडदा वरून खाली ओळीओळीने ताजा होतो, त्यामुळे असं होणं सर्वसाधारणच आहे, असं कंपनीने एका तंत्रविषयक प्रकाशनाला उत्तर दिलं. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोटं नाही. पण त्याच कंपनीच्या इतर टॅबमध्ये ही लचक इतकी डोळ्यांवर येत नव्हती. आणि दुकानात माल नसताना ‘हे असंच असतं’ हे उत्तर कंपनीला किती स्वस्तात पडतं!

आता कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे लाड. गरिबाच्या टॅबची गोष्टही आहे, आणि ती जास्त वाईट आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी ‘आकाश’ टॅबचं उद्घाटन केलं. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि सरकारला पडलेली किंमत नगामागे २,२७६ रुपये. पैसे वाचवले होते ते पडद्यावर. तो दाबाने चालणारा होता: दोन थर, मध्ये पोकळी, वरचा थर खालच्याला टेकला की स्पर्श नोंदला जाणार. बोटाचं टोक नुसतं फिरवून काही होत नसे, नख रोवावं लागे. आणि वरच्या जादा थरामुळे अक्षरं धूसर. तरीही बाजारातल्या आवृत्तीसाठी चौदा लाख नोंदण्या आल्याचं ‘आकाश’ बनवणाऱ्या डेटाविंड कंपनीने काही आठवड्यांतच जाहीर केलं. पैसे भरून वाट बघत बसलेल्यांच्या कहाण्या पुढे वर्षभर छापून येत होत्या. मग प्रकल्प आयआयटी राजस्थानकडून पवईला, आयआयटी मुंबईकडे आला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आला. पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा, प्रोसेसर एक गिगाहर्ट्झ. यंत्र बरं झालं, पण तोवर उत्साह ओसरला होता आणि बाजारात तेवढ्याच पैशांत दुसरे टॅब दिसू लागले होते.

‘आकाश’ची थट्टा आपण खूप केली, ती मला कधीच रुचली नाही. हवी होती ती जास्त कडक तपासणी. सरकार एक लाख नग घेतं तेव्हा प्रत्येक नगाचा पडदा कोण लावून बघतं, बाद किती केले, बदलून किती दिले, हे आकडे निविदेबरोबर जाहीर व्हायला हवेत. आजही विद्यार्थ्यांना वाटायला टॅब घेतले जातात. समारंभाचे फोटो येतात, बाद नगांचा आकडा येत नाही. फुकट मिळालेल्या टॅबच्या कोपऱ्यातून उजेड गळतो म्हणून तक्रार करायला कुठली मुलगी मुख्याध्यापकांसमोर उभी राहणार?

पडदा बदलून घेऊ म्हणाल, तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीवाला पहिला प्रश्न विचारतो, “ओरिजिनल टाकू का कॉपी?” खात्री करून घ्यायचा मार्ग आपल्याकडे नसतो. कंपनीच्या केंद्रात विचारलं तर नव्या टॅबच्या निम्म्याएवढा भाव ऐकू येतो.

तेव्हा सण-सेलमध्ये टॅब घेणार असाल तर माझं ऐका: खोकं उघडलं त्याच रात्री पडदा बघा. पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, मग लाल, हिरवं, निळं. बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत. नोट्स, फोटो, मुलांचे खेळ त्यात भरायच्या आधी, कारण ते भरले की तुमचा निम्मा निर्धार गळतो. दोष दिसला तर फोटो काढा आणि तक्रार ईमेलने, लेखी करा; काउंटरवरचं ‘बघतो’ पुढे कुठेच टिकत नाही. ऑनलाइन घेतलेली सदोष वस्तू परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. ‘स्टॉक नाही’ हे त्यावरचं उत्तर नव्हे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे भागलं नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, घरबसल्या ऑनलाइनही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. वकील लावावाच लागतो असं नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी शून्य आहे.